कोलफॅक्स गांवची पाटी

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत मोटारीनें प्रवास करणाऱ्यास हमरस्त्याच्या कडेला एक वस्तु वारंवार आढळते. खांबावर बसविलेली धातूची एक पाटी आणि तीवर दहापांच ओळींचा मजकूर. अमुक ठिकाणीं अमक्या सेनापतीचा तळ पडला होता, अमुक घरांत अमका मुत्सद्दी जन्मला, अमुक ओढ्यापाशीं लढाई झाली, अशा प्रकारची माहिती त्या पाटीवर दिलेली असते. व्हर्जीनिया राज्यानें १९२७ सालीं ह्या पाट्या सरकारी पद्धतीनें उभारण्यास आरंभ केला आणि पुढें इतर राज्यांनींही तोच मार्ग धरला. मोटारगाडी सामान्य गृहस्थाच्या आटोक्यांत आली, रस्ते सुधारले, लोक दूरदूर हिंडूं लागले. तेव्हां त्यांनीं आपल्या गांवीं घटकाभर थांबावें, चार वस्तु पाहाव्या आणि चार पैसे खर्चावे, हाही एक हेतु ह्या पाट्यांच्या मुळाशीं होता. धांवत्या प्रवाशानें वाचावयाचा म्हणून मजकूर थोडका, आणि सरकारनें लिहिला म्हणून तो निर्विवाद, असा त्यांचा एकंदर थाट असतो.

पुस्तकांतील इतिहास आणि पाटीवरील इतिहास ह्यांत एक मोठें अंतर आहे. पुस्तकावर ग्रंथकाराचें नांव असतें. त्यानें आपलीं साधनें सांगितलेलीं असतात. तीं न पटल्यास दुसरा ग्रंथकार दुसरें पुस्तक लिहितो, आणि वाचक दोहोंची तुलना करूं शकतो. पाटीस ग्रंथकार नसतो. तिला समास नसतो, तळटीप नसते, उत्तर देण्यास जागा नसते. शिवाय पुस्तक वाचण्यासाठीं तें हातीं घ्यावें लागतें. पाटी मात्र आपण होऊन वाटेंत उभी असते. गांवांतील मूल शाळेस जातां-येतां ती रोज पाहतें, आणि तिचा मजकूर त्याच्या मनांत केव्हां रुजला हें त्याचें त्यासही कळत नाहीं. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकानें मोठमोठ्या ग्रंथांइतकेंच ह्या दहापांच ओळींकडे लक्ष दिलें पाहिजे असें आम्हांस वाटतें. ह्याचें उदाहरण म्हणून लुइझियाना राज्यांतील कोलफॅक्स ह्या लहानशा गांवची एक पाटी आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों. ती १९५० सालीं उभारली गेली आणि २०२१ सालीं काढली गेली. तिच्यावर मजकूर अवघ्या दोन वाक्यांचा होता. पण त्या दोन वाक्यांत एका राष्ट्राच्या पाऊणशें वर्षांच्या विचारपद्धतीचें सार उतरलें होतें.

कोलफॅक्स हें रेड नदीच्या कांठीं वसलेलें आहे. यादवी युद्धापूर्वीं तेथें मेरेडिथ कॅलहून नांवाच्या बड्या जमीनदाराचे कापसाचे व उंसाचे मळे होते, आणि ते शेंकडों गुलामांच्या श्रमांवर चालत. १८६१ पासून १८६५ पर्यंत चाललेल्या यादवी युद्धांत दक्षिणेचा पराभव झाला. त्यानंतर पांच वर्षांच्या आंत अमेरिकेच्या राज्यघटनेंत तीन दुरुस्त्या झाल्या: १८६५ सालीं गुलामगिरी नष्ट झाली, १८६८ सालीं मुक्त झालेल्या गुलामांस नागरिकत्व मिळालें, आणि १८७० सालीं वर्णाच्या कारणावरून कोणाचाही मताधिकार हिरावून घेण्यास बंदी झाली. लुइझियानांत जिल्ह्यास पॅरिश म्हणतात. १८६९ सालीं तेथें एक नवी पॅरिश निर्माण झाली, तिला युद्धांतील विजयी सेनापति व त्याच वर्षीं अध्यक्षपदीं बसलेला ग्रँट ह्याचें नांव दिलें गेलें. आणि तिच्या मुख्य गांवास त्याचा उपाध्यक्ष स्कायलर कोलफॅक्स ह्याचें. येणेंप्रमाणें गांवाचें नांवच यादवी युद्धाच्या निकालाची पावती होती. न्यायकचेरीसाठीं इमारत नवी बांधली नाहीं. कॅलहूनच्या जुन्या तबेल्यांतच ती थाटण्यांत आली. जेथें जमीनदाराचीं घोडीं बांधलीं जात, तेथें आतां कालच्या गुलामांच्या मतांनीं निवडून आलेले अधिकारी बसूं लागले. हें दृश्य ज्यांना सहन होणें शक्य नव्हतें, असे गोरे लोक त्या मुलखांत पुष्कळ होते.

१८७२ च्या निवडणुकीनें ह्या असंतोषास निमित्त मिळालें. रिपब्लिकन पक्षाचा केलॉग आणि त्याचा प्रतिस्पर्धी मॅकनेरी ह्या दोघांनींही आपणच लुइझियानाचे गव्हर्नर झाल्याचा दावा केला. दोघांनींही शपथ घेतली. आणि दोघांनींही जिल्ह्याजिल्ह्यांतील आपापल्या माणसांस अधिकारपत्रें दिलीं. रिपब्लिकन पक्ष हा लिंकनचा पक्ष. कृष्णवर्णीय मतदारांचा सर्व भरंवसा त्याच्यावर. १८७३ च्या मार्चअखेर त्या पक्षाच्या अधिकाऱ्यांनीं कोलफॅक्सची न्यायकचेरी ताब्यांत घेतली, आणि तिच्या रक्षणासाठीं आसपासचे कृष्णवर्णीय नागरिक जमले. त्यांनीं कचेरीभोंवतीं उथळसे चर खणले. एप्रिलच्या ५ तारखेस जेसी मॅक्‌किनी नांवाच्या एका कृष्णवर्णीय शेतकऱ्यास, तो आपल्या शेताचें कुंपण दुरुस्त करीत असतां, गोऱ्या स्वारांनीं गोळी घालून ठार केलें. ही वार्ता पसरतांच भयभीत झालेलीं कुटुंबें, बायकामुलांसह, आसऱ्यासाठीं कोलफॅक्सला येऊन पोंचलीं.

१३ एप्रिल १८७३ हा ईस्टरचा रविवार होता. त्या दिवशीं क्रिस्टोफर कोलंबस नॅश नांवाचा, पूर्वीं दक्षिणेच्या सैन्यांत असलेला एक इसम शंभरांहून अधिक सशस्त्र गोऱ्या लोकांची टोळी व एक लहानशी तोफ घेऊन गांवावर चालून आला. शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा मुख्य शांतिरक्षक आपणच आहों असें त्याचें म्हणणें होतें. बायकामुलांस निघून जाण्यास अर्धा तास देण्यांत आला. त्यानंतर तोफेचा मारा सुरू झाला; चरांतील लोक उधळले; कांहीं नदीकडे पळाले, कांहीं कचेरींत शिरले. कचेरीच्या छपरास आग लावण्यांत आली. आंतील लोकांनीं शरणागतीचें पांढरें निशाण दाखविलें. पण बाहेर पडणाऱ्यांपैकीं अनेकांस जागींच गोळ्या घालण्यांत आल्या. उरलेल्यांस कैद करून ठेवलें, आणि रात्र पडल्यावर त्यांना बाहेर नेऊन ठार केलें. मृतांचा नक्की आंकडा कधींच ठरला नाहीं. अभ्यासकांचे अंदाज सुमारें साठपासून दीडशेंपर्यंत आहेत. गोऱ्यांपैकीं तिघे मेले. सरकारी अधिकारी दोन दिवसांनीं तेथें येऊन पोंचले तेव्हां प्रेतें अद्याप उघड्यावर पडलेलीं होतीं. रात्रीं ठार केलेल्या कैद्यांतून लेव्ही नेल्सन हा गोळी लागूनही जिवंत राहिला, आणि पुढें त्याची साक्ष झाली.

साक्ष झाली, पण न्याय झाला नाहीं. सुमारें शंभर लोकांवर आरोप ठेवले गेले; प्रत्यक्षांत नऊ जणांवर खटला उभा राहिला; १८७४ सालीं त्यांतील तिघांस शिक्षेस पात्र ठरविलें गेलें, आणि तेंही खुनासाठीं नव्हे, तर नागरिकांचे हक्क हिरावून घेण्याचा कट केल्याबद्दल. त्यांपैकीं एकाचें नांव क्रूकशँक. हा खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला, आणि २७ मार्च १८७६ रोजीं मुख्य न्यायाधीश मॉरिसन वेट ह्यांनीं निर्णय दिला. त्याचा मथितार्थ असा कीं, घटनेची चौदावी दुरुस्ती राज्यसरकारांवर बंधन घालते, खाजगी व्यक्तींवर नाहीं. एका नागरिकानें दुसऱ्याचा जीव घेतला तर त्याचें पारिपत्य करणें हें राज्यसरकारचें काम होय, मध्यवर्ती सरकारचें नव्हे. तिघेही सुटले. कायद्याच्या पंडितांस हा भेद सूक्ष्म व तर्कशुद्ध वाटला असेल. परंतु दक्षिणेंतील कृष्णवर्णीय शेतकऱ्यास त्याचा अर्थ सरळ होता. ज्यांच्यापासून त्याला भय होतें, त्यांचेच सोबती राज्यसरकार हस्तगत करण्याच्या बेतांत होते, आणि दाद मागावयाची ती त्यांच्याकडेच.

पुढील कथा थोडक्यांत सांगतां येते. नॅशच्या टोळींतील लोकांनीं १८७४ सालीं ‘व्हाइट लीग’ नांवाची सशस्त्र संघटना उभी केली. १८७७ सालीं दक्षिणेंतील राज्यसरकारांच्या पाठीशीं असलेल्या मध्यवर्ती सैन्याचा आधार काढून घेतला गेला, आणि युद्धोत्तर पुनर्रचनेचा काळ संपला. १८९८ सालीं लुइझियानानें नवी राज्यघटना केली. त्यापूर्वीं तेथें १,३०,००० हून अधिक कृष्णवर्णीय मतदारांची नोंद होती. १९०० सालीं ती सुमारें ५,३०० वर आली. तबेल्यांतील न्यायकचेरीवर डागलेल्या त्या लहानशा तोफेचा आवाज इतका दूरवर पोंचला होता.

आतां स्मारकांकडे वळूं. कोलफॅक्सच्या स्मशानभूमींत १९२१ सालीं संगमरवराचा सुमारें बारा फूट उंचीचा एक स्तंभ उभारण्यांत आला. मेलेल्या तीन गोऱ्यांचीं नांवें त्याच्यावर आहेत, आणि गोऱ्यांच्या वर्चस्वासाठीं लढतांना हे वीर पडले असें त्यावर स्पष्ट कोरलेलें आहे. हें वाचून आजच्या वाचकाच्या अंगावर कांटा येईल. तथापि त्या लेखांत एक भयंकर प्रामाणिकपणा आहे हें कबूल केलें पाहिजे. लढाई कशासाठीं होती तें त्यांनीं लपविलें नाहीं. ज्या काळीं ही गोष्ट अभिमानानें सांगतां येत होती, त्या काळचा तो दगड आहे.

१९५० सालची पाटी ह्याहून निराळी. तिचा मथळा ‘कोलफॅक्सचा दंगा’ असा होता. पहिल्या वाक्यांत सांगितलें होतें कीं, ह्या जागीं झालेल्या दंग्यांत तीन गोरे व दीडशें निग्रो मारले गेले. दुसऱ्या वाक्याचा आशय असा कीं, १३ एप्रिल १८७३ च्या ह्या घटनेनें दक्षिणेंतील ‘कार्पेटबॅगी’ गैरकारभाराचा शेवट झाला. पाटी उभारणारें खातें राज्याच्या व्यापार व उद्योगाचें होतें.

ह्या दोन वाक्यांची थोडी चिकित्सा करूं. प्रथम ‘दंगा’ हा शब्द घ्या. दंगा म्हटला म्हणजे दोन जमाव परस्परांवर तुटून पडले, कोणी आरंभ केला तें सांगवत नाहीं, आणि दोष थोडाबहुत दोघांचा, असें चित्र मनापुढें उभें राहतें. शरण आलेल्या व कैदेंत असलेल्या माणसांस रात्रीं बाहेर नेऊन मारणें ह्यास आपल्या भाषेंत कत्तल हा शब्द आहे, आणि इंग्रजींतही तसा शब्द आहेच. ज्या देशांत १८५७ सालच्या घटनेस कोणी शिपायांचें बंड म्हणतो व कोणी स्वातंत्र्ययुद्ध म्हणतो, त्या देशांतील वाचकांस एका शब्दाचें वजन किती असतें हें समजावून सांगावयास नको. मौज ही कीं, पाटीनें स्वतःच दिलेले आंकडे तिच्या मथळ्यास खोटें पाडतात. तीन आणि दीडशें हें प्रमाण दंग्याचें असूं शकत नाहीं. परंतु लिहिणाराच्या हें ध्यानांतही आलें नाहीं. कारण दीडशें हा त्याच्या लेखीं लपविण्याजोगा आंकडा नव्हताच.

‘कार्पेटबॅग’ म्हणजे गालिच्याच्या कापडाची पिशवी. युद्धानंतर उत्तरेंतील पोटभरू लोक असली पिशवी खांद्यास अडकवून दक्षिणेंत आले आणि त्यांनीं अडाणी कृष्णवर्णीयांस हाताशीं धरून लूट केली, असा तेथील गोऱ्यांचा आवडता सिद्धांत होता. पुनर्रचनेच्या सरकारांत लांचलुचपत होती हें खरेंच. ती त्या काळीं उत्तरेंतही होती. पण कोलफॅक्सच्या कचेरीभोंवतीं मेलेले लोक उपरे नव्हते. ते तेथल्याच मातींत राबलेले, आणि कायद्यानें मिळालेल्या मतांचा उपयोग करणारे नागरिक होते. पाटीनें त्यांस दीडशें ह्या आंकड्यांत कोंबलें, आणि त्यांच्या मरणास सुराज्याचा आरंभ ठरविलें. १९२१ च्या स्तंभांत वर्चस्वाचा अभिमान उघड होता. १९५० च्या पाटींत त्यानें निःपक्षपाती माहितीचा सदरा चढविला. आमच्या मतें ह्या दोहोंत पाटीच अधिक घातक. स्तंभ हा एका पक्षाचा शोक आहे असें पाहणारास लगेच कळतें. पाटीस मात्र तो इतिहास समजतो.

पाटीवरील मजकूर लिहिणारास त्या काळीं याहून अधिक ठाऊक असणें शक्य नव्हतें, असा बचाव कोणी करील. तो टिकणारा नाहीं. कोलंबिया विद्यापीठांतील विल्यम डनिंग ह्या प्राध्यापकाचा पुनर्रचनेवरील ग्रंथ १९०७ सालीं निघाला, आणि त्याच्या शिष्यांनीं तोच दृष्टिकोन विद्यालयांतून रूढ केला, हें खरें. परंतु डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस ह्या कृष्णवर्णीय पंडितानें १९३५ सालीं त्याच कालखंडावर भला मोठा ग्रंथ लिहून त्या मताचें सांगोपांग खंडन केलें होतें, आणि इतिहासाचें प्रचारांत रूपांतर कसें होतें ह्यावर त्यांत एक स्वतंत्र प्रकरण घातलें होतें. पाटी उभी राहिली त्याच्या पंधरा वर्षें आधीं हा ग्रंथ छापून निघाला होता. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती. १९५० च्या आसपासचीं वर्षें आठवा: १९४४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें केवळ गोऱ्यांसाठीं असलेल्या पक्षांतर्गत निवडणुका घटनाबाह्य ठरविल्या, १९४८ सालीं अध्यक्ष ट्रूमन ह्यांनीं सैन्यांतील वर्णभेद बंद करण्याचा हुकूम काढला, त्याच वर्षाच्या अध्यक्षीय निवडणुकींत वर्णभेदाच्या रक्षणासाठीं निघालेल्या फुटीर पक्षास लुइझियानानें कौल दिला. कृष्णवर्णीय पुन्हां मतपेटीकडे पाहूं लागले होते. अशा वेळीं त्यांच्या पूर्वजांच्या मतांचा शेवट कसा झाला, आणि तो कसा इष्ट होता, हें सांगणारी पाटी उभी राहते, ह्याचा अर्थ उघड आहे.

पुढें विद्वानांचें मत पालटलें. एरिक फोनर ह्यांचा पुनर्रचनेवरील ग्रंथ १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. २००८ सालीं चार्ल्स लेन व लीअ‍ॅना कीथ ह्यांचीं कोलफॅक्सच्या कत्तलीवरच दोन स्वतंत्र पुस्तकें निघालीं. पाटी मात्र जागच्या जागीं उभीच होती. ग्रंथालयांतील इतिहास बदलून तो रस्त्यावर यावयास किती काळ लागतो ह्याचें हें एक मापच होय. अखेर १५ मे २०२१ रोजीं ती काढण्यांत आली. ह्या कामीं पुढाकार घेणाऱ्यांत हल्लेखोरांपैकीं एकाचा वंशज होता, आणि कुंपण दुरुस्त करतांना मारल्या गेलेल्या मॅक्‌किनीचाही एक वंशज होता. ह्या दोघांच्या सहकार्यानें पुढें दोन वर्षांनीं, १३ एप्रिल २०२३ रोजीं, म्हणजे त्या घटनेस दीडशें वर्षें पूर्ण झालीं त्या दिवशीं, काळ्या ग्रॅनाइटचें नवें स्मारक गांवांत उभें राहिलें. स्मशानभूमींतील १९२१ चा स्तंभ तेव्हांही आपल्या जागीं होता.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो टाकाऊ नाहीं. पाटी काढणें म्हणजे इतिहास पुसणें नव्हे काय? आज आम्हांस न रुचणारी पाटी आम्ही काढली, तर उद्यां दुसऱ्यांस न रुचणारी दुसरे काढतील. मग उरेल काय? टेनेसी राज्यांतील फ्रँकलिन ह्या गांवानें ह्यावर एक तोडगा काढला. तेथें ३० नोव्हेंबर १८६४ रोजीं यादवी युद्धांतील एक घनघोर लढाई झाली, आणि १८९९ सालीं दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा गांवच्या चौकांत उभारला गेला. तो पुतळा न हालवितां गांवकऱ्यांनीं २०१९ सालीं चौकाच्या परिसरांत पांच नव्या पाट्या लावल्या. त्यांत त्या चौकांत भरणारा गुलामांचा बाजार, उत्तरेच्या सैन्यांत लढलेले कृष्णवर्णीय शिपाई, आणि युद्धानंतरचा काळ ह्यांची हकीकत आहे. २०२१ सालीं तेथेंच कृष्णवर्णीय सैनिकाचाही पुतळा बसला. जुनें ठेवून नवें जोडण्याचा हा मार्ग अनेक ठिकाणीं योग्य ठरेल.

परंतु फ्रँकलिनचा पुतळा आणि कोलफॅक्सची पाटी ह्या एका जातीच्या वस्तु नव्हेत. पुतळा लोकांनीं आपल्या मृतांसाठीं उभारला. पाटी सरकारनें सर्व नागरिकांच्या नांवानें लिहिली. त्या सर्व नागरिकांत मारल्या गेलेल्यांचे नातूपणतूही होते, आणि तेही कर भरीत होते. आपल्या आजाचा खून सुराज्याचा आरंभ होय, हें आपल्याच सरकारच्या तोंडून त्यांनीं एकाहत्तर वर्षें वाचावें, ह्यास इतिहासाचें जतन म्हणतां यावयाचें नाहीं. शाळेच्या भिंतीवरील नकाशा चुकीचा ठरला तर तो आपण उतरवितों. पण जाळीत नाहीं. जुने नकाशे कसे काढीत असत हें पाहण्यासाठीं तो कपाटांत ठेवतों. पाटीचेंही तसेंच व्हावें. ज्या दिवशीं ती रस्त्यावरून उतरली, त्या दिवशीं ती निवाडा देण्याच्या अधिकारास मुकली. पुरावा म्हणून तिची किंमत मात्र वाढली. १८७३ विषयीं ती फारसें सांगत नाहीं. १९५० विषयीं तिच्याइतका चोख साक्षीदार विरळा.

महाराष्ट्रीय वाचकास ह्या कथेंतील १८७३ हें वर्ष ओळखीचें वाटल्यावांचून राहणार नाहीं. त्याच वर्षीं पुण्यांत जोतीराव फुले ह्यांचें ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालें, आणि तें त्यांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें. इकडील शूद्रातिशूद्रांच्या मुक्ततेसाठीं त्यांनीं तिकडील उदाहरण डोळ्यांपुढें ठेवलें. ज्या वर्षीं पुण्यांत त्या मुक्तीचा असा गौरव झाला, त्याच वर्षीं रेड नदीच्या कांठीं तिची अशी वाट लागत होती. ह्यामुळें त्या अर्पणपत्रिकेचें मोल यत्किंचितही कमी होत नाहीं. उलट, कायद्यानें मिळालेली मुक्ति टिकविण्यासाठीं दुसऱ्या पिढीनें, तिसऱ्या पिढीनें, किती जागरूक राहावें लागतें, हें दोन्ही घटना शेजारीं ठेवल्या म्हणजे अधिक स्पष्ट दिसतें.

प्रत्येक ऐतिहासिक पाटीवर दोन वर्षें असतात: एक घटनेचें, मोठ्या अक्षरांत, दुसरें पाटी उभारल्याचें, बहुधा तळाशीं, बारीक अक्षरांत. आमची वाचकांस एवढीच सूचना आहे कीं, कोठल्याही गांवीं, कोठल्याही देशीं, अशा पाटीपुढें उभें राहिल्यावर तें दुसरें वर्ष आधीं वाचावें, कोणत्या खात्यानें ती उभारली तें पाहावें, आणि कोणाचीं नांवें आहेत व कोणाचा केवळ आंकडा आहे हें मोजावें. कोलफॅक्सच्या खटल्यांत, ज्यांच्या हक्कांविरुद्ध कट झाला म्हणून आरोपपत्रांत नांवें घातलीं गेलीं, ते दोघेच होते, लेव्ही नेल्सन आणि अलेक्झांडर टिलमन. १९५० च्या पाटीवर त्यांतलें एकही नव्हतें. २०२३ च्या काळ्या दगडावर पन्नासांहून अधिक मृतांचीं नांवें कोरलेलीं आहेत.